छोट्या प्रतिकृतीला रंग कोणता घ्यावा?



गडहिंग्लजहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या शिवणकाम करून घराला हातभार लावतात. त्यांचा आठवीतला मुलगा आणि गल्लीतली पाच-सहा मुले मिळून १४ एप्रिलसाठी सांचीच्या स्तूपाची लहान प्रतिकृती करणार आहेत. सोबत बाबासाहेबांचा वीतभर उंचीचा प्लास्टरचा पुतळा आहे, तोही मुलेच रंगवणार. ताई लिहितात, की गेल्या वर्षी असाच देखावा केला होता, पण मिरवणुकीच्या दिवशीच त्याचे रंगाचे पापुद्रे निघाले आणि पोरे रडकुंडीला आली. यंदा मुले दुकानात गेली तर चोवीस बाटल्यांची पेटी, बारा ब्रशांचे पाकीट, सोनेरी-चंदेरी रंग आणि चमकीचे वॉर्निश अशी यादी हातात पडली. जमलेली सगळी वर्गणी त्यातच संपते. तेव्हा नेमके काय घ्यावे, काय घेऊ नये? आणि पुतळ्याच्या चेहऱ्याला रंग कोणता द्यावा, यावरून मुलांत भांडण लागले आहे, तेही मिटवावे.

ताई, चोवीस बाटल्यांची पेटी घेऊ नका. गेल्या वर्षी पापुद्रे निघाले ते रंग हलका होता म्हणूनच असेल असे नाही. रंगाखाली अस्तर नव्हते, असे तुमच्या पत्रावरून दिसते. मुलांनी प्लास्टर सुकले न सुकले तोच त्यावर सरळ रंग फासला. महागातला महाग रंग असा लावला असता तरी तो उठला असता.

अस्तराची गोष्ट नवी नाही. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे दीड हजार वर्षांपूर्वीची, काही तर त्याहून जुनी. ती दगडावर सरळ रंगवलेली नाहीत. आधी मातीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून भिंतीला जाड लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग रंग चढवला. रंग तरी किती? तांबडी माती, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि पुढच्या काळात अफगाणिस्तानातून येणाऱ्या दगडाचा निळा. अर्धा डझन रंगांत एवढे वैभव उभे राहिले. मग एका स्तूपाला आणि एका पुतळ्याला चोवीस बाटल्या कशाला?

आणि लांब अजिंठ्याला कशाला जायचे? गडहिंग्लजहून आजरा आणि आंबोली घाट उतरला की सावंतवाडी येते. तिथल्या चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे आणि खेळणी पिढ्यान् पिढ्या रंगवली जातात. तिथली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, करताना आधी चिंचोक्याची खळ आणि पांढरी पूड यांचा लेप देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करून घेत आणि मगच चित्र काढीत. खळ म्हणजे काय हे आपल्याकडच्या कामगार घरांना सांगायला नको. इचलकरंजीला मागावर किंवा सायझिंगमध्ये काम केलेला एखादा माणूस नात्यात असतोच.

ही खळ घरीही होते. चिंचोके भाजून साल काढावी, रात्रभर भिजत घालावेत, वाटावेत आणि पाण्यात शिजवून फडक्यातून गाळून घ्यावेत. त्यात खडूची बारीक पूड किंवा शंखजिरे मिसळून पातळ लेप करावा. तो शाडूच्या मातीला, लाकडाला, पुठ्ठ्याला आणि कागदाच्या लगद्याला चांगला धरतो. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी फेव्हिकॉलमध्ये दुप्पट-तिप्पट पाणी घालून त्यात तीच पूड कालवावी. खर्च नाममात्र. एक हात द्यावा, वाळू द्यावा, बारीक काचपेपर हलक्या हाताने फिरवावा, मग दुसरा हात. पहिल्या हाताने उठलेली लव दुसऱ्या हातापूर्वी घासून जाते, म्हणून मधला काचपेपर चुकवू नये.

प्लास्टरच्या पुतळ्याचे थोडे वेगळे आहे. प्लास्टर वरून कोरडे दिसते, पण आत ओल असते. पुतळा गालाला लावून पाहावा. गार लागला तर आत पाणी आहे असे समजावे आणि आणखी दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवावा. उन्हात तापवू नये, चुलीजवळ तर नकोच. पूर्ण वाळल्यावर फेव्हिकॉलचे पातळ पाणी एकदा पाजले की प्लास्टरची तहान भागते. मग वरचा रंग शोषला जात नाही आणि बाटली दुप्पट पुरते. पैसे वाचतात ते इथे.

आता रंग. दुकानात मुलांपुढे तीन जाती येतात, आणि त्या तिन्ही एकमेकींत मिसळून घोटाळा होतो.

पहिला पोस्टर कलर. शाळेत सगळे वापरतात तो. स्वस्त, झाकणारा, लवकर वाळणारा. परंतु तो वाळल्यावरही पाण्याने विरघळतो. घामेजला हात लागला की निघतो, आणि त्यावर ब्रशाने पाण्याचे वॉर्निश लावू गेले की खालचा रंग वर येऊन सगळे गढूळ होते. काचेच्या पेटीत ठेवायच्या वस्तूला चालेल. मिरवणुकीत दहा हात लागणाऱ्या वस्तूला नाही.

दुसरा ॲक्रिलिक. आपल्या बायका ज्याला फॅब्रिक कलर म्हणतात आणि उशीच्या अभ्र्यावर फुले काढायला आणतात, तोच. फेव्हिक्रिल किंवा कॅमलिनच्या छोट्या बाटल्या गडहिंग्लजसारख्या गावातही सहज मिळतात, आणि सुट्याही मिळतात, हे महत्त्वाचे. ओला असताना पाण्याने धुता येतो, वाळला की पाण्याने निघत नाही. वास जवळजवळ नाही. मुलांच्या हातात द्यायचा तर हाच. ताई, तुमच्या घरात अभ्र्यांसाठी आणलेल्या अर्ध्या बाटल्या असतील तर आधी त्या शोधा. घट्ट झालेल्या बाटलीत थोडे पाणी घालून काडीने ढवळून पाहा. गाठी मोडल्या तर चालेल. रबरासारखा गोळा झाला असेल तर गेला.

तिसरा ऑइल पेंट, दारे-खिडक्यांचा. चकाकतो, टिकतो, म्हणून मोठ्या माणसांचा ओढा त्याकडे. छोट्या कामाला तो जाड पडतो, त्यात नाक-डोळे, जाळी, कठड्याच्या खाचा बुजून जातात. वाळायला रात्र लागते आणि तोवर त्यावर धूळ बसते. पातळ करायला टर्पेंटाइन लागते. ते नसले की घरोघरी रॉकेल ओततात, मग रंग चिकट राहतो आणि घरभर वास. एकच जागा अशी आहे जिथे ऑइल पेंट बरा, ती म्हणजे प्लास्टिकचे खेळण्यातले शिपाई. त्यांना आधी साबणाने धुऊन तेलकटपणा काढावा लागतो. तरीही मऊ, वाकणाऱ्या प्लास्टिकवर कोणताच रंग फार दिवस राहत नाही. त्यापेक्षा शाडूची माणसे करावीत.

विलायतेत अशा छोट्या प्रतिकृती रंगवण्याचा मोठा शौक आहे. हल शहरात १९१९ साली सुरू झालेल्या हम्ब्रॉल कंपनीच्या अंगठ्याएवढ्या डब्या तिकडच्या पोरांच्या दोन-तीन पिढ्यांनी वापरल्या. आज आपल्याकडेही त्या मागवता येतात. पण एका डबीच्या पैशात इथे फॅब्रिक कलरच्या कितीतरी बाटल्या येतात, आणि आपल्या कामाला त्यांची गरज नाही. त्या लोकांची एक सवय मात्र घेण्यासारखी आहे. ते रंग कधी जाड लावीत नाहीत. पातळ ताकाइतका करून दोन किंवा तीन हात देतात, प्रत्येक हात वाळू देऊन.

रंग कोणते घ्यावेत? पांढरा मोठी बाटली. काळा, तांबडा, निळा, पिवळा लहान. आणि मातीचे दोन रंग, गेरूसारखा तांबूस तपकिरी आणि पिवडीसारखा पिवळट. बाटल्यांवर त्यांची नावे इंग्रजीत बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर अशी असतात, दुकानात तीच सांगावीत. झाले. हिरवा, नारिंगी, करडा, जांभळा हे यातून होतात. सोनेरी रंगाचा मोह मुलांना फार होतो, पण सोनेरी जास्त झाला की वस्तू मिठाईच्या डब्यासारखी दिसते. छत्रीच्या टोकाला एक ठिपका, तेवढा पुरे, आणि तेवढ्यासाठी बाटली आणू नये. शेजारच्या कुणाकडून मागून घ्यावा.

ब्रश मात्र चांगले घ्यावेत. बाराचे पाकीट नको, त्यातले दहा पहिल्या दिवशी केस सोडतात. चार पुरतात: गोल शून्य नंबर, गोल दोन नंबर, गोल सहा नंबर आणि अस्तरासाठी अर्धा इंच चपटा. ॲक्रिलिकला नायलॉनच्या केसांचे घ्यावेत. दुकानातच पाण्यात बुडवून एक झटका द्यावा. टोक सुईसारखे जुळले तर घ्यावा, दोन फाटे झाले तर परत द्यावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. आपण घामाचे पैसे मोजतो आहोत.

काम चालू असताना ब्रश पाण्याच्या ग्लासात टोकावर उभा ठेवू नये. काम संपल्यावर साबणाने धुऊन बोटांनी टोक जुळवावे आणि आडवा ठेवावा. बोटांनी, ओठांनी नव्हे! मुले टोक काढायला ब्रश हटकून तोंडात घालतात. या एका सवयीने काय होऊ शकते त्याची गोष्ट मुलांना जरूर सांगा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात गरीब घरच्या तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवीत. रंगात रेडियम होते. आकडे बारीक, म्हणून ब्रश ओठांत धरून टोक काढायला त्यांना कारखान्यातच शिकवले होते. धोका नाही असे सांगितले होते. पुढे त्यांच्या जबड्याची हाडे सडली, कित्येक मेल्या. पाच जणी १९२७ साली कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये कंपनीला भरपाई देऊन तडजोड करावी लागली. आपल्या बाटलीत रेडियम नाही, हे खरे. पण बाटलीत काय आहे हे लहान मुलाला कळत नाही, आणि पुष्कळदा मोठ्यालाही कळत नाही.

त्याचेच दुसरे उदाहरण घरातच आहे. हल्ली 'जुने ते नैसर्गिक, नैसर्गिक ते निर्धोक' असे बोलण्याची रीत पडली आहे. बाजारात सुटे रंग मिळतात म्हणून कुणी शेंदूर आणून डिंकात कालवतो. शेंदूर म्हणजे शिसे. हिंगुळात पारा असतो, हरताळात सोमल. सफेदा म्हणून पूर्वी विकला जाई तोही शिशाचा. ही जुनी नावे कितीही गोड वाटली तरी पोरांच्या हातात देऊ नयेत. गेरू, खडू, पिवळी माती, काजळी, कपड्यांची नीळ, एवढे चालते.

शिशाचे भय ऑइल पेंटमध्येही असे, विशेषतः चकचकीत पिवळ्या आणि नारिंगी रंगांत. शिसे मुलाच्या मेंदूला इजा करते, आणि अमुक इतके चालते अशी सुरक्षित मर्यादाच नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या सरकारने २०१६ साली नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये असे ठरले. म्हणून माळ्यावर पडलेला त्याआधीचा अर्धा डबा 'वाया कशाला घालवायचा' म्हणून मुलांना देऊ नये. जुन्या रंगावर काचपेपर घासूही देऊ नये, कारण धूळ पोटात जाते. सुटा, बिनलेबलचा रंग स्वस्त पडला तरी घेऊ नये.

टर्पेंटाइन किंवा थिनर घरात आणलेच, तर ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. लहान भावंड तहानेने बाटली तोंडाला लावते. एका खोलीच्या घरात चूल आणि रंगकाम शेजारी-शेजारी होते, म्हणून म्हणते, थिनरचे काम बाहेर ओसरीवरच करावे. ॲक्रिलिक घेतला की ही काळजीच राहत नाही.

आता स्तूप. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे १२० फूट आणि उंची सुमारे ५४ फूट. मुलांनी एक इंचाला दहा फूट असे माप धरावे. म्हणजे एक फूट व्यास, साडेपाच इंचांहून किंचित कमी उंची. तोरणे खऱ्या जागी सुमारे ३४ फुटांची, ती इथे साडेतीन इंचांच्या आत बसतील. आणि माणूस? साधारण अर्ध्या इंचाचा! अर्ध्या इंचाच्या माणसाला डोळे-मिशा काढू जाऊ नये. चेहऱ्याचा एक ठिपका, कपड्याचा एक रंग, केसांचा एक ठिपका, की तो दोन हातांवरून माणूस दिसतो. यावरून हेही लक्षात येईल की वीतभर पुतळा या स्तूपाशेजारी ठेवला तर तो राक्षसासारखा दिसेल. पुतळ्याला वेगळा चौथरा करून पुढे ठेवावा.

घुमटासाठी थर्माकोल आणू नका. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे. शिवाय त्यावर फवाऱ्याचा किंवा थिनरचा रंग पडला की तो जागच्या जागी विरघळून खड्डे पडतात. एक फूट तोंडाची टोपली किंवा पाटी उपडी घालावी, तिच्यावर प्लास्टिकचा कागद टाकावा आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून सात-आठ थर चिकटवावेत. वाळले की टोपली काढून घ्यावी. माथा थोडा चपटा करून त्यावर चौकोनी कठडा आणि तीन छत्र्या. कठड्याला आगपेटीच्या काड्या, तोरणांना पुठ्ठा. बारीक कामाला घाबरू नये. सांचीच्या दक्षिण तोरणावर कोरलेला लेख सांगतो, की तिथले काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. वीतभर दातावर कोरणाऱ्या हातांनी दगड कोरला, म्हणून त्या नक्षीत इतका बारकावा आहे.

रंग दगडाचा हवा. पांढऱ्यात पिवडी, त्यात गेरूचा थेंब आणि काळ्याचा त्याहून लहान थेंब. सगळ्या स्तूपाला हा एकच रंग दोन हात. वाळल्यावर काळा-तपकिरी रंग भरपूर पाण्यात मिसळून कठड्यावर आणि तोरणांवर सोडावा आणि वरचेवर फडक्याने टिपावा. खाचांत काळपटपणा राहतो, उंचवट्यावरून निघतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशावर फिकट रंग घेऊन कडांवर हलकेच फिरवावा. या दोन हातांनी पुठ्ठ्याचा दगड होतो. मुलांना हे एकदा जमले की ती थांबत नाहीत, त्यांना आवरावे लागते.

दीक्षाभूमी किंवा चैत्यभूमी करायची असेल तर काम पांढऱ्या रंगाचे, आणि पांढरा सर्वांत अवघड. निव्वळ पांढरा फासला तर घुमट चुन्याच्या गोळ्यासारखा दिसतो. पांढऱ्यात निळ्या-काळ्याचा कण घालून करडी छटा आधी द्यावी, आणि स्वच्छ पांढरा फक्त वरच्या उजेडाच्या भागाला द्यावा. तेलाचे वॉर्निश पांढऱ्यावर लावू नये, काही महिन्यांत पिवळे पडते.

पंचशील ध्वज रंगवत बसू नये. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, नारिंगी या पाच पट्ट्या आणि शेवटी पाचांची मिळून सहावी, हे इंचभर जागेत ब्रशाने सरळ येत नाही. रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्यात. हा ध्वज १८८५ साली कोलंबोत प्रथम फडकला, तेव्हाचा क्रम आजही तोच आहे. मुलांनी क्रम चुकवू नये.

आता चेहऱ्याचे भांडण. दुकानात एका बाटलीवर 'स्किन कलर' असे लिहिलेले असते आणि आत फिकट गुलाबी रंग असतो. मुले म्हणतात, बाटलीवरच लिहिले आहे ना? मी म्हणते, ती बाटली घरातल्या कुणाच्याही हाताशेजारी धरून पाहा. शेतात राबणाऱ्या आजीच्या, गवंडीकाम करणाऱ्या वडिलांच्या, खुद्द त्या मुलाच्या. कुणाची कातडी तशी आहे? अमेरिकेत क्रेयॉला कंपनीच्या खडूंच्या पेटीत एका गुलाबट खडूचे नावच 'कातडीचा रंग' अशा अर्थाचे होते. १९६२ साली ते नाव बदलून 'पीच' केले गेले, कारण कातडी काही एकाच रंगाची नसते. आपल्या दुकानांतली बाटली अजून तेच सांगत बसली आहे. बाजारातले मातीचे मावळे पाहा, बुद्धमूर्ती पाहा, सगळे गुलाबी. जणू उन्हात कुणी गेलेच नाही.

तेव्हा ती बाटली घेऊ नये. पिवडी दोन भाग, गेरू एक भाग, पांढरा अर्धा भाग. सावळेपणासाठी निळ्याचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा थेंब. काळा घालू नये, त्याने रंग मळका होतो. आधी रंग आपल्या मनगटावर न लावता पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर लावून, मनगट शेजारी धरून जुळवावा. बाबासाहेबांच्या चेहऱ्यासाठी कुठली छटा, यावर वाद होईल. त्यांची छायाचित्रे बहुतेक काळी-पांढरी आहेत, त्यावरून नेमकी छटा निघत नाही. मग गुलाबी हा एकच रंग बरोबर असे कशावरून? सहाही मुलांनी आपापले मनगट शेजारी ठेवून मधली छटा निवडावी. कोट निळा, सदरा पांढरा, टाय तांबडा अशी पुतळ्यांची पडलेली रीत ठेवावी, पण निळ्यात कणभर काळा घालावा म्हणजे तो प्लास्टिकसारखा दिसणार नाही. चष्म्याची काच रंगवू नये, फक्त कडा काढावी. डोळे शेवटी करावेत आणि बुबुळ वाटोळे पूर्ण दाखवू नये, वरचा भाग पापणीखाली जाऊ द्यावा. नाहीतर पुतळा दचकल्यासारखा दिसतो.

हीच मुले दिवाळीला सामानगड करतील, तेव्हाही या पत्राचा उपयोग होईल. गडहिंग्लजच्या मुलांनी पुस्तकातले चित्र पाहून काळा किल्ला करू नये. सामानगड जांभ्याचा आहे, तिथली सात कमानींची विहीरही त्याच तांबड्या दगडात खोदलेली. त्याला बाटलीतला रंगही नको. आजऱ्याच्या बाजूची तांबडी माती सुती साडीच्या तुकड्यातून चाळावी, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवावी आणि तटाला दोन हात द्यावेत. नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी पडलेले प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार करायचे तर सात घोडे लागतील. ते शाडूचे करून एकेकाचा रंग वेगळा ठेवावा, सातही पांढरे करू नयेत.

किरकोळ साहित्य विकत आणूच नये. रंग कालवायला पांढऱ्या फरशीचा तुकडा किंवा स्टीलची ताटली. थेंबभर रंगासाठी औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, तिच्या खळग्यांत सहा-आठ रंग राहतात. शिंतोड्यांना जुना दात घासायचा ब्रश. लहान वस्तू हातात धरून रंगवू नये, काडीच्या टोकाला थेंबभर फेव्हिकॉलने चिकटवावी आणि काडी फिरवीत रंगवावे. काम सकाळच्या उजेडात दाराशी बसून करावे, रात्री पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला रंग दिवसा वेगळाच निघतो.

दिवसांचा हिशेब असा करा. कागदाचे थर आणि प्लास्टर वाळायला एक आठवडा. अस्तराला दोन दिवस. रंगाला तीन. शेवटचा हात पाण्याच्या मॅट वॉर्निशचा, तो १२ एप्रिलच्या आत झाला पाहिजे. चकाकणारे वॉर्निश फक्त बुटांना आणि चष्म्याच्या कडेला. म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टोपली उपडी पडलीच पाहिजे.

जयंतीनंतर प्रतिकृती विहारात ठेवणार असाल तर एक सांगायचे राहिले. खळीला पावसाळ्यात बुरशी येते आणि कसर लागते. पुढच्या वर्षीपर्यंत टिकवायची असेल तर यंदा खळीऐवजी फेव्हिकॉलचेच अस्तर द्या, आणि जूनच्या आधी ती भिंतीपासून हातभर लांब, उंचावर ठेवा. मेणबत्ती आणि अगरबत्ती तिच्यासमोर दोन फुटांच्या आत लावू नका. धुराचा पिवळा थर बसला तर ओल्या फडक्याने पुसता येईल, कारण रंग ॲक्रिलिक आहे.